एका कणाचा बंदोबस्त

अमेरिकेत एखाद्या एपिस्कोपल चर्चमध्ये जाण्याचा योग आला, तर रंगीत काचा आणि ऑर्गन बघून झाल्यावर वेदीच्या बाजूची छोटी खोली दाखवायची विनंती करा. तिला सॅक्रिस्टी म्हणतात. उथळ खणांची कपाटं, इस्त्री, मेणबत्त्यांचे खोके, आणि बऱ्याच ठिकाणी शेजारीशेजारी दोन बेसिन. एक साधं, हात धुवायचं. दुसऱ्यावर झाकण, कधी कधी कुलूपसुद्धा. दोघांत फरक काय? पहिल्याचं पाणी शहराच्या गटारात जातं. दुसऱ्याचा पाइप गटाराला जोडलेलाच नसतो. तो भिंतीतून खाली उतरतो आणि इमारतीच्या पायाशी नुसत्या मातीत जाऊन संपतो.

प्लंबरला वेड्यात काढणारं हे काम मुद्दाम, पैसे मोजून करून घेतलेलं असतं. कशासाठी? भाकरीच्या एका कणासाठी आणि द्राक्षारसाच्या एका थेंबासाठी.

दर रविवारी इथे प्रभुभोजनाचा विधी होतो. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना भाकर आणि द्राक्षारस दिला, त्याची ही आठवण. पण नुसती आठवण नव्हे. वेदीवरच्या प्रार्थनेनंतर त्या भाकरीत आणि रसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, अशी या पंथाची श्रद्धा आहे. ती उपस्थिती नेमकी कशी, यावर युरोपात शतकानुशतकं वाद झाले, रक्तपातही झाला. एपिस्कोपल मंडळींनी काटेकोर व्याख्या करायचं बऱ्यापैकी टाळलं. पण व्याख्या टाळली म्हणून भांडी घासायची टळत नाहीत! विधी संपला, प्याल्याच्या तळाशी चार थेंब राहिले, तबकडीवर चुरा राहिला. आता? नळाखाली धरायचं का?

या 'आता?'ला उत्तर द्यायला एक अख्खी व्यवस्था उभी राहिली आहे आणि ती चालवतात बिनपगारी हौशी माणसं. त्यांच्या मंडळाला ऑल्टर गिल्ड म्हणतात. निवृत्त शिक्षिका, बँकेतला कारकून, कॉलेजातली मुलगी, कोणीही. शनिवारी एक तुकडी येऊन वेदी मांडते, रविवारी उपासना संपल्यावर आवराआवर करते. उपासनेला आलेल्या लोकांपैकी बहुतेकांना ती दिसतसुद्धा नाही. काम चोख झालं, याची खूण हीच की ते कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेची अमेरिकन शाखा. मुंबईचं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ साली सुरू झालं ते याच परंपरेत. पुढे १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा आपल्याकडच्या अँग्लिकन मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. थोडक्यात, घराणं अगदीच अनोळखी नाही.

आता त्या कणाचा माग काढू या.

वेदीवर आधी एक लांब पांढरं लिनन असतंच. त्याची रुंदी वेदीच्या फळीइतकी, दोन्ही टोकं खाली लोंबणारी, आणि वर भरतकामातले पाच क्रूस, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. पण प्रत्यक्ष भाकर आणि प्याला त्याच्यावर ठेवत नाहीत. मध्ये आणखी एक सुमारे वीस इंचांचा चौरस पांढरा रुमाल अंथरतात. त्याचं नाव कॉर्पोरल. भाकर मोडली की जो चुरा पडायचा तो याच्यावर पडतो. आणि खरी गंमत घडीत आहे. कॉर्पोरल उभं तीन पदरी आणि आडवं तीन पदरी दुमडतात. उलगडलं की नऊ चौकोन दिसतात. प्रत्येक घडी आतच वळते. खालचा भाग वर, वरचा खाली, मग डावी-उजवी बाजू आत. विधीनंतर ते उचलताना त्याच घड्यांवरून मिटत गेलं, की सगळा चुरा मधल्या चौकोनात कोंडला जातो. इस्त्री करणाऱ्याने एक घडी उलटी घातली तर? कापड तेवढंच शुभ्र दिसेल, पण आत कोंडलेला कण बाहेर पडायला मोकळा होईल. म्हणून नवीन स्वयंसेवकाला आधी घडी शिकवतात, बाकी सगळं नंतर.

दुसरा रुमाल प्युरिफिकेटर, प्याल्याची कड पुसायचा. तो निराळ्या पद्धतीने दुमडतात. धर्मगुरूंच्या हात पुसायच्या टॉवेलची घडी आणखी तिसरीच. का? मदतनिसाची नजर विधीवर असते. खाली न बघता, नुसत्या बोटांना कोणतं कापड हातात आलं ते कळायला हवं.

मग प्याला सजवायचा. हे जवळून बघण्यासारखं आहे. चांदीचा रिकामा प्याला. त्याच्या तोंडावर आडवं टाकलेलं प्युरिफिकेटर. त्यावर चांदीची उथळ तबकडी, तिच्यात धर्मगुरूंची मोठी, पातळ, गोल भाकर. तिच्यावर पॉल, म्हणजे लिननने मढवलेला ताठ चौकोनी पुठ्ठा. सगळ्यावरून चर्चच्या वर्षातल्या त्या त्या काळाच्या रंगाचं रेशमी आच्छादन. आणि अगदी वर त्याच रंगाचं चौकोनी कापडी पाकीट, ज्यात कॉर्पोरल घडी करून ठेवलेलं.

हा मनोरा शोभेसाठी असेल असं वाटतं ना? आता धर्मगुरूंचे हात बघा. आधी काय लागणार? अंथरायचं कापड. ते सगळ्यात वरच्या पाकिटात. मग आच्छादन बाजूला, पुठ्ठा बाजूला, भाकरीची तबकडी खाली, पुसायचा रुमाल शेजारी. आणि उरतो तो मोकळा प्याला, रस ओतायला तयार. जी वस्तू ज्या क्षणी हवी, ती त्या क्षणी सगळ्यात वर! काही शोधायचं नाही, चाचपडायचं नाही. पुठ्ठ्याचं काम मात्र इथे संपत नाही. रस ओतला की तो पुन्हा प्याल्यावर चढतो, कारण गोड वासाला माश्या येतात. सगळ्याच चर्चमध्ये आता हा पूर्ण थाट ठेवत नाहीत, पण जिथे ठेवतात तिथे तो पाहून घ्यावा. धर्मगुरूंची वस्त्रंही याच हिशोबाने उलट्या क्रमाने मांडलेली असतात: शेवटी चढवायचं ते तळाला, पहिलं चढवायचं ते वर.

विधी संपला. उरलेली भाकर आणि रस तिथेच आदराने खाऊन-पिऊन संपवायचा, असं १९७९ च्या 'बुक ऑफ कॉमन प्रेअर'मध्ये सांगितलं आहे. आजाऱ्यांसाठी वगैरे राखून ठेवायचा तो भाग वेगळा. तरी भांड्याला काहीतरी चिकटतंच. मग पहिल्यांदा विसळलेलं पाणी त्या झाकणाच्या बेसिनमध्ये. रुमाल आधी थंड पाण्यात भिजवायचे, आणि ते पाणीही तिथेच. असं बेसिन नसेल तर बाहेर झाडाखाली. पहिलं पाणी मातीला, दुसरं गटाराला. वापरून विरलेलं कापडसुद्धा कचऱ्यात टाकत नाहीत, त्याचं पोतेरं तर नाहीच नाही; ते जाळून राख पुरतात.

आणि मग सुरू होतं डागांशी युद्ध. लाल द्राक्षारसाचा डाग पांढऱ्या लिननवर पडलाय. साबण लावला. डाग निघायच्या ऐवजी निळसर-करडा झाला! तुमच्या घरी सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो, तोच हा प्रकार. हळदीतलं कर्क्युमिन काय, द्राक्षाच्या सालीतली अँथोसायनिन काय, दोन्ही रंगद्रव्यं आम्ल आणि अल्कली ओळखतात आणि तसा रंग बदलतात. द्राक्षारस मुळात आंबट, म्हणून त्यात अँथोसायनिन लाल. साबणाची अल्कली मिळाली की निळ्याकडे झुकतं. गिल्डच्या जुन्या जाणत्या बायकांना हे रसायनशास्त्र कोणी शिकवलं नसेल, पण आधी थंड पाणी, साबण नंतर, हा नियम त्यांना पाठ असतो. काही चर्चनी तर सरळ पांढरी वाइन वापरायला सुरुवात केली. लिपस्टिकला मात्र असा तोडगा नाही. मेण आणि तेल धाग्यात मुरलेलं असतं, आणि ओठांना लिपस्टिक लावून येऊ नका असं सांगणार कोण?

पण लिननच का? सुती का नाही? पहिलं उत्तर श्रद्धेचं: ख्रिस्ताचा देह लिननमध्ये गुंडाळून कबरीत ठेवला, असं शुभवर्तमान सांगतं. दुसरं उत्तर वनस्पतीचं, आणि ते ऐकून विदर्भातला वाचक उडेल. लिनन होतं जवसापासून. हो, तेच जवस, ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो! वनस्पती एकच, आपण बियांसाठी आखूड, फांद्या फुटणारे वाण लावले, युरोपने धाग्यासाठी उंच, सरळ वाण लावले. धागा निघतो खोडाच्या सालीतून. तो लांब आणि गुळगुळीत, म्हणून कापडाचे तंतू सुटून प्याल्यात पडत नाहीत. ओला झाला की तो आणखी मजबूत होतो, म्हणजे दर आठवड्याच्या धुण्याला पुरून उरतो. आणि त्याला लवचीकता फारच कमी, म्हणून एकदा पडलेली घडी तो सोडत नाही. कॉर्पोरलचे ते नऊ चौकोन टिकतात ते यामुळेच. अर्थात हाच गुण इस्त्री करणाऱ्याचा घाम काढतो. लिनन दमट असतानाच इस्त्री करावी लागते. वाळून चुणी बसली की पुन्हा भिजवण्यावाचून गत्यंतर नाही. वेदीचं मोठं लिनन तर घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवतात, कारण त्याच त्याच रेषेवर दुमडून धागा अखेर तुटतो.

चांदीचीही अशीच तऱ्हा. ती काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि रबरातही गंधक असतं. म्हणून घासताना रबरी हातमोजे नकोत. प्याल्याला आतून बहुधा सोन्याचा मुलामा, कारण रसातल्या आम्लाला सोनं दाद देत नाही. नीट सांभाळली तर ही भांडी किती टिकतात? न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात सेंट पीटर्स नावाचं एपिस्कोपल चर्च आहे. तिथे १७१२ चा चांदीचा संच आहे, इंग्लंडच्या राणी ॲनने दिलेला. त्यावर कोरलंय की ही भेट ओनोंडागा या मूळ अमेरिकन लोकांच्या चॅपलसाठी आहे. ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. ज्यांची वस्तू, त्यांचं नाव अंगावर मिरवत ती तीनशे वर्षं दुसऱ्याच्या घरी राहिली आहे.

हे सगळं पुरातन काळापासून अखंड चालत आलं असेल, असा समज होणं स्वाभाविक आहे. तसं मुळीच नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत इंग्लंडने दगडी वेद्या उखडल्या आणि साधी लाकडी टेबलं आणली. टेबल म्हटल्यावर त्याचा मानही टेबलाइतकाच! लोक त्यावर टोप्या ठेवत आणि कुत्री जवळपास हिंडत. १६३६ मध्ये नॉर्विचचे बिशप मॅथ्यू रेन यांनी हुकूम काढला की टेबलापुढे जवळजवळ एक यार्ड उंचीचा कठडा बांधा, आणि त्याचे खांब इतके जवळजवळ हवेत की कुत्रं आत शिरता कामा नये. आज लोक ज्या कठड्यापाशी भक्तिभावाने गुडघे टेकतात, त्याच्या मापात कुत्र्याच्या अंगलटीचा विचार आहे!

वैभव परतलं ते एकोणिसाव्या शतकात. १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये काही धर्मपंडितांनी जुन्या परंपरेकडे परत चला असा आग्रह धरला. त्यांच्या पुढच्या पिढीने मेणबत्त्या, धूप, रंगीत वस्त्रं परत आणली आणि गदारोळ उडाला. १८७४ मध्ये ब्रिटिश संसदेने याविरुद्ध कायदाच केला. १८७७ मध्ये आर्थर टूथ नावाचे पाद्री याच भानगडीत तुरुंगात गेले. मेणबत्ती, धूप आणि झग्यापायी तुरुंग! अमेरिकेतही वादळ उठलं, पण मेणबत्त्या राहिल्या. आणि वस्तू वाढल्या की त्या सांभाळायला माणसं लागतात. आजची ऑल्टर गिल्ड वाढली ती या काळात.

या चळवळीतून ऑक्सफर्डजवळच्या काउलीमध्ये १८६६ साली एक संन्यासी संघ निघाला, काउली फादर्स. त्यांनी १८७० मध्ये बॉस्टन गाठलं. पुढे ते पुण्यात आले. पंचहौद मिशन त्यांचंच. १८९० मध्ये तिथे चहा घेतल्यावरून रानडे, टिळक प्रभृतींवर ग्रामण्य आलं, तेच पंचहौद. इंग्लंडात एका पाद्र्याला मेणबत्तीने अडकवलं, पुण्यात न्यायमूर्तींना चहाच्या पेल्याने. त्या शतकाला वस्तूंचं भलतंच वावडं होतं.

गिल्डचं दुसरं मोठं काम म्हणजे चर्चचं पंचांग सांभाळणं. नाताळाआधीच्या आगमनकाळात वेदीवर जांभळा किंवा निळा रंग, नाताळात पांढरा, उपवासकाळात पुन्हा जांभळा, ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला लाल, उरलेल्या लांबलचक काळात हिरवा. रंग चुकला तर पहिल्या बाकावरच्या आजीबाई सोडणार नाहीत. पण सगळी गुंतागुंत ईस्टरची आहे, कारण तो चंद्रावर चालतो: २१ मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही पडतो. २०२४ मध्ये आपली फाल्गुनी पौर्णिमा, म्हणजे होळी, झाल्यावर ३१ मार्चला आला. २०२५ मध्ये चैत्री पौर्णिमेच्या हनुमान जयंतीनंतर २० एप्रिलला.

आता विचार करा, या हलत्या दिवसासाठी फूल फुलवायचंय. अमेरिकेत ईस्टरला पांढरी लिली हवीच. ती मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांवरची. दुसऱ्या महायुद्धात जपानचा माल बंद झाला, तेव्हा कॅलिफोर्निया आणि ऑरेगन यांच्या सीमेवरच्या किनारपट्टीत तिचे कंद पिकवणाऱ्यांचं नशीब उघडलं. आजही तिकडचा कंदांचा धंदा त्याच चिंचोळ्या पट्टीत आहे. बागाईतदार हरितगृहातलं तापमान वरखाली करून लिलीला त्या वर्षीच्या पौर्णिमेशी जुळवून घ्यायला लावतात. आणि एवढ्या खटाटोपाने वेळेवर उमललेलं फूल चर्चमध्ये आलं, की गिल्डची माणसं पहिलं काय करतात? आतले केशरी परागकोश चिमटीने खुडून टाकतात! पराग तेलकट असतो. पांढऱ्या लिननला लागला आणि कोणी पुसायला गेलं, तर तो आणखी घट्ट बसतो. चिकटपट्टीने अलगद उचलायचा, हाच उपाय.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्याची दमछाक विचारू नका. गुरुवारी रात्री वेदीवरचं सगळं काढून ती उघडी करायची, शुक्रवारी तशीच ठेवायची, आणि शनिवारी रात्रीच्या उपासनेआधी शुभ्र कापड, लिली आणि नव्या वर्षाचे आकडे असलेली मोठी मेणबत्ती जागच्या जागी हवी. त्याआधीच्या रविवारी लोकांनी हातात घेतलेल्या झावळ्यासुद्धा फुकट जात नाहीत. त्या वाळवून ठेवतात, आणि पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू होताना कपाळाला लावायची राख त्यांचीच करतात.

एक गोष्ट मला राहून राहून खटकते. ही कामं पिढ्यानपिढ्या प्रामुख्याने बायकांनी केली. प्याला धुवायचा त्यांनी, वेदीचं कापड बदलायचं त्यांनी. पण चर्चच्या राष्ट्रीय सभेत प्रतिनिधी म्हणून त्यांना रीतसर बसता आलं ते १९७० मध्ये. १९७४ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना परवानगीशिवाय धर्मगुरुपदाची दीक्षा दिली गेली, मोठं वादंग माजलं, आणि १९७६ मध्ये नियम बदलला. २००६ मध्ये कॅथरीन जेफर्ट्स शोरी या चर्चच्या सर्वोच्च बिशप झाल्या. जो प्याला घासायला बाई चालत होती, तो उचलायला ती चालावी की नाही, यावर इतका खल करावा लागला! आता गिल्डमध्ये पुरुषही इस्त्री करताना दिसतात, ही जमेची बाजू.

सगळ्या नियमांत न बसणारा एक प्रश्न शेवटी उरतोच: माणसं किती येणार? नाताळच्या मध्यरात्री एरवी न फिरकणारे पाहुणे येतात, हिमवादळ झालं तर नेहमीचेही येत नाहीत. भाकरी किती मोजायच्या? रस किती ओतायचा? कमी पडला तर प्रार्थनापुस्तकात सोय आहे. धर्मगुरू छोटीशी प्रार्थना म्हणून आणखी भाकर-रस पवित्र करू शकतात. जास्त झाली तर भाकर कुलपाच्या कोनाड्यात राहते. जास्तीचा रस मात्र बहुतेक ठिकाणी तिथल्या तिथे पिऊनच संपवायचा असतो, आणि तोही धर्मगुरूंनी आणि दोघातिघा मदतनिसांनी. तेव्हा हिमवादळाच्या रात्री घरी जाताना गाडी कोण चालवणार, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.